मुलांसाठी लिहिणाऱ्यांचा गट: पहिल्या बैठकीपासून पहिल्या पुस्तिकेपर्यंत

तालुक्याच्या गावात किंवा शहराच्या एखाद्या उपनगरात लिहिणारी आठ-दहा माणसं एकत्र आली, की बहुतेक वेळा काव्यवाचन सुरू होतं. प्रत्येक जण आपलं वाचतो, बाकीचे दाद देतात, चहा होतो. मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यांना त्यातून थोडंफार मिळतं, कारण ऐकणारेही मोठेच असतात. मुलांसाठी लिहिणाऱ्यांचा वाचक मात्र त्या खोलीत नसतोच. म्हणून गटाची सगळी घडी एकाच गोष्टीभोवती बसवावी लागते: लिहिलेलं मुलांपर्यंत न्यायचं, ती कशी ऐकतात ते पाहायचं आणि परत येऊन पुन्हा लिहायचं. बाकीचे उपक्रम याला पूरक असतील तरच ठेवावेत.

माणसं, जागा, वेळ

सहा ते दहा जण पुरेत. चारपेक्षा कमी असले तर एकाच्या गैरहजेरीनं बैठक मोडते, बारापेक्षा जास्त झाले तर प्रत्येकाचं लेखन वाचायला वेळ उरत नाही. सगळेच कवी नकोत. एखादी अंगणवाडी सेविका, पहिली-दुसरीला शिकवणारे शिक्षक, बालविभाग सांभाळणारे ग्रंथपाल, चित्र काढणारं कुणी, लहान मूल घरात असलेले आईबाबा, अशी सरमिसळ असली की चर्चा आपोआप पुस्तकी व्हायची थांबते. कधीच न लिहिलेला पण मुलांना रोज गोष्टी सांगणारा माणूस गटात असणं फार मोलाचं.

जागेसाठी गावातलं सार्वजनिक वाचनालय आधी बघा. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे गावोगावी शासनमान्य वाचनालयं आहेत आणि त्यांपैकी अनेकांत बालविभाग आहे. वाचनालयाच्या कार्यवाहांच्या नावे एक पानी अर्ज द्या: गटात किती जण, महिन्यातून किती वेळा, कोणत्या वेळेत, काय लागेल (सतरंजी, फळा, एक कपाट). बदल्यात गट महिन्यातून एकदा बालविभागात गोष्ट वाचून दाखवेल, असं त्यातच लिहा. यामुळे जागा मिळते आणि मुलंही मिळतात. कुणाच्या घरी बैठका घेणं सोपं वाटतं, पण यजमानाच्या लेखनावर मग कुणी मोकळं बोलत नाही.

महिन्यातून दोन बैठका, ठरलेल्या रविवारी, सकाळी दहा ते बारा. तारीख दर वेळी फोन करून ठरवू नका, दुसरा आणि चौथा रविवार म्हणजे दुसरा आणि चौथाच. वर्गणी महिन्याला ५० रुपये ठेवली तरी झेरॉक्स आणि चहा निघतो. एका वहीत तारीख, हजेरी, कुणाचं काय वाचलं आणि पुढच्या वेळी कुणाची पाळी, एवढंच लिहायचं.

नोंदणीची घाई करू नये. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदणीला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याबरोबर धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते, आणि मग दरवर्षी हिशेबतपासणी, कार्यकारिणी बदलली की त्या बदलाची नोंद करणारा चेंज रिपोर्ट, हे सगळं मागे लागतं. देणगी घ्यायची किंवा मोठा प्रकल्प करायचा असेल तेव्हा ते जरूर करा. नवा गट मात्र अध्यक्ष कोण आणि सचिव कोण यातच पहिलं वर्ष घालवतो आणि लेखन मागे पडतं.

पहिल्या चार बैठका फक्त वाचनाच्या

लोकांना लगेच आपलं लिहिलेलं वाचायचं असतं. तरीही पहिल्या चार बैठका वाचनालाच द्या, कारण मुलांसाठी लिहू पाहणारे बरेच जण आपल्या लहानपणी वाचलेल्या पुस्तकांवर थांबलेले असतात. बालविभागातून प्रत्येकानं पाच पुस्तकं निवडायची. त्यांतली किमान तीन गेल्या दहा वर्षांतली असावीत. बालभारतीतर्फे १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. वेगवेगळ्या दशकांतले दोन अंक शेजारी ठेवून वाचले तर भाषा, वाक्यांची लांबी आणि विषय कसे बदलले ते दिसतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा पातळीनुसार लावलेल्या आहेत: पहिली पातळी साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत आणि चौथी त्यापुढची. सुरुवातीला ही मापं चांगली उपयोगी पडतात.

वाचताना तीन गोष्टींची नोंद करायची. पुस्तकात एकूण शब्द किती? पहिली घटना कितव्या वाक्यात घडते? अडचण शेवटी कोण सोडवतं, मूल की मोठं माणूस?

एक सराव नक्की करा. एखाद्या चित्रपुस्तकातला फक्त मजकूर कागदावर उतरवून घ्या आणि चित्रं न दाखवता दुसऱ्याला वाचायला द्या. गोष्ट अर्धवट वाटते, मध्ये दुवे गायब असतात. ते दुवे चित्रात असतात. नवा लेखक 'लाल फ्रॉक घातलेली, दोन वेण्या घातलेली सई हसत हसत अंगणात आली' असं लिहितो. चित्रपुस्तकात 'सई अंगणात आली' एवढं पुरतं, उरलेलं चित्रकाराचं काम. दहा पुस्तकं अशी उतरवून काढली की मजकुरातून काय वगळायचं हे हाताला कळायला लागतं.

कुणासाठी लिहितोय ते आधी ठरवा

'लहान मुलांसाठी' हे उत्तर पुरेसं नाही. मसुद्याच्या वरच्या कोपऱ्यात वय आणि वाचनाची पद्धत दोन्ही लिहायची: '४ ते ६, मोठ्यांनी वाचून दाखवायची' किंवा '७ ते ८, मुलानं स्वतः वाचायची'. या दोन्हींत फार फरक आहे. वाचून दाखवायच्या गोष्टीत अवघड शब्द चालतात, कारण आवाज आणि हातवारे अर्थ पोचवतात. स्वतः वाचायच्या गोष्टीत मुलाची बरीचशी शक्ती अक्षरं जुळवण्यात जाते.

मराठीत इथे एक खास अडचण आहे आणि नवे लेखक तिकडे हमखास दुर्लक्ष करतात. जोडाक्षरं कमी ठेवायची हे सगळ्यांना माहीत असतं, पण सामान्यरूपाकडे, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाच्या बदलणाऱ्या रूपाकडे, कुणी पाहत नाही. मुलानं 'ससा' हा शब्द ओळखला, चित्रही पाहिलं. पुढच्या ओळीत 'सशाला' येतो. अक्षरं वेगळी, त्यामुळे मुलाला तो नवाच शब्द वाटतो. घोडा आणि घोड्याने, पाणी आणि पाण्यात, उंदीर आणि उंदराला, बेडूक आणि बेडकाचा, सगळीकडे तेच. उलट वाघ-वाघाला, माकड-माकडाने, चिमणी-चिमणीचा यांत मूळ शब्द डोळ्याला दिसत राहतो. म्हणून नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी पात्र निवडतानाच हे पाहा. सशाची गोष्ट लिहायचीच असेल तर 'ससा' कर्ता राहील अशी वाक्यं करा, किंवा त्याला राजू, मनी असं न बदलणारं नाव द्या.

प्रत्ययांवर प्रत्यय चढलेले शब्दही तपासा. 'झाडाखालच्यांना', 'शाळेतल्यासारखं' हे मोठ्यांना एक शब्द वाटतात, सहा वर्षांच्या मुलाला ती लांबलचक आगगाडी असते. 'झाडाखाली मुलं होती. त्यांना...' असं तोडून लिहावं. पहिली-दुसरीसाठी एका वाक्यात चार ते सहा शब्द, एका पानावर दोन ते तीन वाक्यं आणि एका पानात एकच घटना, हे माप धरून सुरुवात करा. 'म्हणाला', 'त्याने' अशी जोडाक्षरं टाळता येत नाहीत आणि टाळूही नयेत. ती पुन्हा पुन्हा आली की मुलं ती अख्खीच ओळखतात. नवीन अवघड शब्द एका पानावर एकच असू द्या आणि तो पुढच्या दोन-तीन पानांवर पुन्हा येऊ द्या.

आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना ६०० ते १५०० शब्दांची गोष्ट एका बैठकीत झेपते. त्यापुढच्या मुलांसाठी लांबीची फार काळजी नको, तिथे विषयाची हिंमत लागते. घरातलं भांडण, मैत्रिणीनं बोलणं टाकणं, परीक्षेत मागे पडणं, गाव सोडून जावं लागणं, आजोबांचा मृत्यू, हे सगळं त्या वयाच्या मुलांच्या आयुष्यात असतं. आपल्याकडे या वयासाठी फार कमी लिहिलं जातं, म्हणून गटातल्या निदान दोघांनी तरी हे वय धरावं असा आमचा आग्रह आहे.

बोलीचा प्रश्न पहिल्या महिन्यातच येतो. मुलं वाचायला शिकतात ती प्रमाण मराठीत, पण घरी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलतात. स्वतः वाचायच्या गोष्टीत कथन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवला तर मुलं अडखळत नाहीत आणि संवाद खरा वाटतो. वाचून दाखवायची गोष्ट पूर्ण बोलीत असली तरी उत्तम. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या मुलांना पहिलीत मराठी जवळजवळ नवीच असते. तिथे गोष्ट नेताना ती भाषा येणारी सेविका किंवा शिक्षक सोबत हवेतच, नाहीतर आपण गोष्ट तपासत नसून मुलांची मराठी तपासत बसतो. परदेशातल्या मराठी शाळांसाठी लिहिणाऱ्यांनी वाचनाची पातळी वयापेक्षा दोन वर्षं खाली धरावी आणि विषय मात्र त्यांच्या वयाचाच ठेवावा. दहा वर्षांच्या मुलाला सोप्या अक्षरांत लिहिलेली बाळगोष्ट दिली तर तो पुस्तक मिटतो.

बैठक कशी चालवायची

दोन तासांत जास्तीत जास्त तीन मसुदे, प्रत्येकी तीस मिनिटं. उरलेल्या वेळात पंधरा मिनिटांचा एक लेखनसराव आणि पुढची आखणी. मसुदा गुरुवारपर्यंत सगळ्यांना पीडीएफमध्ये गेलेला असावा. फोनवर टाइप केलेला लांबलचक मेसेज नको, त्यात पानं कळत नाहीत आणि खुणा करता येत नाहीत. ए-फोर कागद, १४ पॉइंट अक्षर, दीडपट ओळअंतर, डाव्या बाजूला ओळींचे क्रमांक. क्रमांकांमुळे 'ते मधलं कुठलंसं वाक्य' असं बोलण्यात वेळ जात नाही.

लेखकानं स्वतः वाचायचं नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. लेखक वाचतो तेव्हा आवाजानं कच्चे सांधे झाकले जातात. मसुदा आधी न वाचलेल्या सभासदानं तो मोठ्यानं वाचायचा, म्हणजे एकाला दर वेळी मुद्दाम मसुदे पाठवायचे नाहीत. तो जिथे अडखळेल, मागे जाऊन पुन्हा वाचेल, श्वास पुरणार नाही, तिथे लेखकानं आपल्या प्रतीवर खूण करायची.

वाचून झाल्यावर लेखक बारा मिनिटं गप्प. स्पष्टीकरण द्यायचं नाही, कारण प्रत्येक मुलाच्या शेजारी लेखक बसलेला नसतो. बाकीच्यांनी या क्रमानं बोलायचं:

१. एकानं गोष्ट चार वाक्यांत परत सांगायची. ती लेखकाच्या मनातल्या गोष्टीपेक्षा वेगळी निघाली, तर मोठी दुरुस्ती तिथेच सापडते.
२. लक्ष कुठे सुटलं, ओळीचा क्रमांक सांगून.
३. काय जाणून घ्यावंसं वाटलं पण मिळालं नाही.
४. पुन्हा ऐकावंसं वाटलं असं काय होतं.
५. शेवटी भाषा.

'छान आहे' आणि 'मी असतो तर असं लिहिलं असतं' या दोन्ही वाक्यांना बंदी. पहिल्यातून काहीच हाती लागत नाही, दुसऱ्यामुळे लेखकाची गोष्ट दुसऱ्याची होते. शुद्धलेखनाच्या चुका तोंडी सांगायच्या नाहीत, प्रतीवर पेन्सिलीनं लिहून लेखकाला द्यायच्या. ऱ्हस्व-दीर्घावर एकदा चर्चा सुरू झाली की अर्धा तास जातो.

बोलण्याची सुरुवात वयानं किंवा मानानं सर्वांत लहान असलेल्या सभासदानं करायची. गटात निवृत्त मुख्याध्यापक किंवा दहा पुस्तकं नावावर असलेले ज्येष्ठ कवी असतात. ते आधी बोलले की बाकीचे त्यांच्याच मताला दुजोरा देतात. त्यांचा मान राखूनच त्यांना शेवटची पाळी द्यावी: 'सर, आपण समारोप करा.' वेळ पाहणारा माणूस दर बैठकीला वेगळा असावा.

मुलांपुढे वाचन

गटात दोनदा वाचून दुरुस्त झालेला मसुदाच मुलांकडे न्यायचा. कच्चा नेला तर मुलं कंटाळतात आणि पुढच्या वेळी शाळाही नको म्हणते.

शाळेत मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: कोणती इयत्ता, किती वेळ, किती मोठी माणसं येणार, गोष्टीची एक प्रत सोबत. जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत दुपारच्या सुट्टीनंतरची वेळ बरी पडते, पण खिचडी खाऊन झाल्यावर लगेचची नको. पंधरा ते वीस मुलं पुरेशी. पन्नास मुलांपुढे वाचलं की तो कार्यक्रम होतो, तपासणी होत नाही. वर्गशिक्षक किंवा गटातलं दुसरं माणूस सतत सोबत हवं, कुणीही एकट्यानं मुलांबरोबर थांबायचं नाही. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढायचे नाहीत आणि गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकायचेही नाहीत. कुणाही सभासदानं मुलांचे फोन नंबर घ्यायचे नाहीत, संपर्क शाळेमार्फतच.

दोघं जायचं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं मागे किंवा कडेला बसून प्रतीवर खुणा करायच्या. लेखक स्वतः खुणा करणारा असला तरी चालेल, पण आपण लेखक आहोत हे त्यानं सांगायचं नाही. सांगितलं की मुलं चांगलं बोलायला लागतात.

खुणांसाठी चार अक्षरं पुरतात. 'ह' म्हणजे हसली. 'च' म्हणजे चुळबुळ, बाकावर सरकणं, खिडकीकडे नजर. 'शां' म्हणजे एकदम शांतता. 'बो' म्हणजे मध्येच कुणी बोललं, आणि काय बोललं ते शब्दशः. 'बो' सर्वांत मौल्यवान असतं. 'आता तो पडणार!' असं कुणी ओरडलं तर गोष्टीनं पकडलंय. 'पण तो तर घरी गेला होता ना?' असं आलं तर तुमचा दुवा तुटलाय. 'च' सलग तीन-चार ओळींवर आला तर तिथे बहुधा वर्णन असतं, नाहीतर मोठ्या माणसाचा उपदेश असतो. जिथे हसतील असं वाटलं तिथे शांतता, आणि भलत्याच ठिकाणी हशा, हेही होतं. लेखकाला ते बोचतं, पण दुरुस्तीला याहून चांगली सामग्री नाही.

वाचून झाल्यावर 'आवडली का?' विचारू नका. मुलं एका सुरात 'होऽऽ' म्हणतात आणि त्यातून काही कळत नाही. 'यातून काय शिकलात?' तर मुळीच नको, कारण मग मुलं शाळेतलं उत्तर शोधू लागतात. त्याऐवजी असं विचारा: सगळ्यात आधी काय आठवतंय? तू तिथे असतास तर काय केलं असतंस? कोणाचं वागणं पटलं नाही? किंवा कोरे कागद देऊन आवडलेल्या प्रसंगाचं चित्र काढायला सांगा. वीस मुलांपैकी चौदा जणांनी गोष्टीतली विहीरच काढली आणि शेवट कुणीच काढला नाही, तर शेवट पोचलेला नाही.

आठवड्यानं शिक्षकांना फक्त एक विनंती करा: वर्गातल्या एका मुलाला ती गोष्ट परत सांगायला सांगा. त्यातून जे गळलं ते बहुधा तुमच्या पुढच्या मसुद्यातूनही गळायला हवं.

कवितेसाठी वेगळी तपासणी

बालकविता लिहिणारे सर्वाधिक असतात आणि अडचण बहुतेकदा ठेक्याची असते. यमक जुळलं की कविता झाली असा समज असतो. टाळी वाजवून पाहा:

चिंचेखाली बसली माऊ,
पिल्लू म्हणते दे ना खाऊ.

पहिल्या ओळीत चिंचे, खाली, बसली, माऊ असे चार ठोके, प्रत्येकी चार मात्रा. दुसऱ्या ओळीतही चारच. आता दुसरी ओळ 'पिल्लू तिला म्हणते दे ना खाऊ' अशी केली, तर टाळी 'तिला'वर अडकते. मोठा माणूस ते वाचताना सांभाळून घेतो, पाच वर्षांचं मूल घेत नाही. ते एकतर शब्द गाळतं किंवा तिथेच थांबतं. तपासण्याची पद्धत सोपी आहे. कविता माहीत नसलेल्या दोघांना एकत्र, एका आवाजात वाचायला सांगायचं. जिथे दोघांचा आवाज फुटतो तिथे ठेका मोडलेला आहे. यमकासाठी ओढून आणलेले शब्दही याच वाचनात उघडे पडतात. 'छान-छान', 'मस्त-मस्त', 'गोड-गोड' ही भरती आधी काढून टाका आणि मग काय उरतं ते बघा.

मसुद्यांत वारंवार येणारे दोष

तात्पर्य. शेवटच्या परिच्छेदात आजी, गुरुजी किंवा झाड येऊन सगळं समजावतं. दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे शेवटचा परिच्छेद हातानं झाकून वाचणं. दहापैकी आठ गोष्टी त्याच्याशिवाय जास्त चांगल्या संपतात. उरलेल्या दोन संपत नसतील तर प्रश्न शेवटाचा नाही, मधल्या घटनांचा आहे.

मोठ्यांनी सोडवलेली अडचण. मूल अडकतं, बाबा येतात, सुटतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे इतकी वर्षं टिकला याचं एक कारण साधं आहे: तो स्वतः धावतो, स्वतः डोकं चालवतो आणि मोठी माणसं बऱ्याचदा सगळं उरकल्यावर येऊन पोचतात. मसुद्यात मोठं माणूस कितव्या परिच्छेदात कामाला लागतं ते मोजा आणि त्याला पुढे ढकला.

लेखकाचं स्वतःचं बालपण. नदी, आमराई, विटीदांडू, मामाचा गाव. हे लिहू नये असं मुळीच नाही, पण मग ती त्या काळातली गोष्ट म्हणून नीट उभी करावी. आजच्या मुलाच्या हातात विटीदांडू देऊन मोबाइलला खलनायक केलं, की मुलांना आपल्यावरच राग धरल्यासारखं वाटतं. आजच्या मुलांचं जग कळण्यासाठी सरावाचा एक विषय ठेवा: शाळेच्या रिक्षातली वीस मिनिटं, फक्त संवादात. हा सराव लिहिण्याआधी खरोखर कुठेतरी उभं राहून ऐकावं लागतं.

नावं आणि विशेषणं. प्रत्येक खोडकर मुलगा बंड्या, प्रत्येक मुलगी चिंगी, कामवाल्या मावशी ठरावीक नावाच्या, हुशार मुलं ठरावीक आडनावाची. वर्षाचे सगळे मसुदे एकत्र ठेवून नावांची यादी करा. यादीत कोणत्या समाजाची, कोणत्या वस्तीची मुलं नाहीतच, हे पाहून गट हादरतो. मुलींनी किती वाक्यं बोलली आणि किती वेळा फक्त पाहिलं, हेही त्याच दिवशी मोजा.

स्वप्न. शेवटी जाग येते आणि सगळं खोटं निघतं. मुलांना यात फसवलं गेल्यासारखं वाटतं. जादू घडली असेल तर ती घडली, एवढी हिंमत लेखकानं ठेवावी.

पहिली पुस्तिका

सहा-आठ महिन्यांत दोन-तीन गोष्टी मुलांपुढे दोनदा वाचून, सुधारून तयार होतात. तेव्हा पुस्तिका काढावी. त्याआधी काढली तर गटाचा वेळ छपाईत जातो.

ए-फोर कागद मधोमध दुमडून १६ पानी पुस्तिका होते. चार कागद, दोन्ही बाजूंनी छपाई, मध्ये दोन पिना. पानं नेहमी चारच्या पटीत, म्हणजे १८ पानांचा मजकूर असेल तर दोन पानं कापा किंवा २० करा. एका बाजूला शेजारी येणाऱ्या पानांच्या क्रमांकांची बेरीज १७ व्हायला हवी: १६ आणि १, २ आणि १५, १४ आणि ३, अशी. पीडीएफ छापताना 'बुकलेट' पर्याय निवडला की ही जुळणी आपोआप होते, फक्त कागद छोट्या कडेवर उलटायचा, नाहीतर मागची पानं उलटी छापली जातात. आधी एकच प्रत काढून, दुमडून, पानं उलटून पाहा. मुखपृष्ठ, मलपृष्ठ आणि माहितीचं पान वगळता १३ पानं हातात उरतात. पानाला १५ ते २० शब्द धरले तर मजकूर साधारण २००-२५० शब्दांचा हवा.

अक्षराचा आकार पहिली-दुसरीसाठी २० ते २४ पॉइंट, मोठ्या मुलांसाठी १४ ते १६. मजकूर चित्रावर छापू नका. गडद रंगावरची अक्षरं नव्या वाचकाला दिसत नाहीत. फॉन्ट युनिकोड असावा. मुक्ता आणि बालू हे मुक्त परवान्याचे आणि सहज मिळणारे. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचेच येतात ना ते तपासा, कारण काही फॉन्टमध्ये हिंदी वळणाची अक्षरं येतात आणि शाळेत वेगळं शिकलेलं मूल गोंधळतं. डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बदलून घेतला असेल तर 'ऱ्या', 'ॲ', 'र्व', 'द्ध' ही अक्षरं शोधून शोधून पाहा, मोडतात ती हीच.

चित्रकाराशी आधीच बोला: किती चित्रं, मानधन किती, मूळ चित्रं कुणाकडे राहणार. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव लेखकाच्या नावाएवढ्याच आकारात. चित्रं कशी हवीत याचा चार पानी आदेश देऊ नका. गोष्ट द्या, पानांची विभागणी द्या आणि कच्ची रेखाटनं पाहून बोला.

पुस्तिका विकायची असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्यावा. राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून तो ऑनलाइन आणि विनामूल्य मिळतो, त्यासाठी पैसे मागणारा मध्यस्थ लागत नाही. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशित पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत पाठवायच्या असतात.

मासिकं आणि प्रकाशकांकडे पाठवताना

दिवाळी अंकांसाठीचं साहित्य बहुतेक ठिकाणी जून ते ऑगस्टमध्ये मागवतात, गणपतीनंतर पाठवलेलं सहसा उशिराचं ठरतं. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मुलांपुढचं वाचन उरकायला हवं, आणि परीक्षा मध्ये येतात हे धरून फेब्रुवारीतच शाळा ठरवा. एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. सोबतचं पत्र पाच ओळींचं: गोष्टीचं नाव, वयोगट, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याची खात्री, संपर्क. गोष्टीचं कौतुक किंवा मिळालेल्या सन्मानांची यादी नको. तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर एक विनम्र आठवण, मग दुसरीकडे.

पुस्तक करणारा प्रकाशक भेटला की करार वाचूनच सही करा. स्वामित्वहक्क कायदा १९५७ नुसार हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठी आणि मानधन किती हे हवं. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असं कायदा धरतो. 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ दिसली की थांबा आणि भाषांतर, ध्वनिपुस्तक, चित्रपट हे हक्क वेगळे काढून मागा. लेखकाकडूनच छपाईचे पैसे मागणाऱ्यांना चार प्रश्न विचारा: प्रती किती, त्यांतल्या लेखकाला किती, विक्री कुठे, उरलेल्या प्रतींचं काय. उत्तरं लेखी मिळाली नाहीत तर गटाची १६ पानी पुस्तिका त्यापेक्षा चांगली. 'स्टोरीवीव्हर'सारख्या मुक्त मंचावर गोष्ट टाकली की ती मुक्त परवान्याखाली जाते. नाव देऊन कुणीही तिचं भाषांतर, बदल, छपाई करू शकतो, अगदी विकूही शकतो. गोष्ट खूप मुलांपर्यंत जावी असं वाटत असेल तर हा मार्ग फार चांगला, पण तीच गोष्ट नंतर फक्त एका प्रकाशकाला देता येणार नाही हे समजून टाका.

वर्षाची आखणी

शाळा सुरू झाल्यावर जुलैत पहिलं वाचन, दुसरं सप्टेंबरमध्ये. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला, २४ डिसेंबरला साने गुरुजींच्या जयंतीला आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला शाळा स्वतःहून बोलावतात. त्यांपैकी दोनच आमंत्रणं घ्या आणि भाषणाऐवजी गोष्टच वाचा. मे महिन्यात मुलांसाठी तीन दिवसांचं लेखन शिबिर घेता येतं: रोज दोन तास, बारा ते पंधरा मुलं, पाच मुलांमागे एक मोठं माणूस. मुलांच्या लेखनात मोठ्यांनी वाक्यं सुधारायची नाहीत, फक्त 'मग काय झालं?' विचारायचं. शिबिरात मुलांनी लिहिलेलं छापायचं असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, फक्त पहिलं नाव आणि इयत्ता छापा, आणि प्रत्येक मुलाला एक प्रत द्या. जूनच्या पहिल्या बैठकीत वहीतल्या नोंदी काढून बसा. ज्या मसुद्यांवर वर्षभरात एकदाही मुलांची खूण झालेली नाही, ते पुढच्या जुलैच्या यादीत सर्वांत वर ठेवा.